खळ्यातली मुलाखत

सुट्टीत इंग्रजीचं तोंड पाहायचं नाही, असं ठरवूनच मी कोल्हापूरहून रत्नागिरीची एसटी पकडली. वर्षभर शिकवणीत 'क्वाएट' आणि 'क्वाइट' समजावून डोकं पिकलं होतं. घाट उतरला, काळा कातळ आणि तांबडी माती दिसू लागली, तसा जीव सैलावला.

गणपतीपुळ्याच्या वाटेवर सबिहाभाभींकडे खोली घेतली होती. घरात मायलेकी दोघीच. पहिल्याच जेवणात बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि वर सांदण (आंब्याचा रस घालून वाफवलेला तांदळाच्या रव्याचा गोड पदार्थ). मी अधाशासारखी जेवले, खोटं कशाला बोलू? हात धुताना शिक्षिका असल्याचं बोलून गेले आणि फसले. भाभींची लेक निलोफर नर्स. दुसऱ्या दिवशी आखातातल्या एका इस्पितळाची तिची व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती. मागच्या खेपेला सारख्या वाटणाऱ्या शब्दांनी तिचा घात केला होता. आता हुकलं तर पुन्हा प्रयत्न करणार नाही, म्हणाली.

झालं, संपली माझी सुट्टी! 'ब्रेथ' म्हणजे श्वास, 'ब्रीद' म्हणजे श्वास घेणं. 'ॲडव्हाइस' वेगळं, 'ॲडव्हाइज' वेगळं. समुद्रावर फिरतानाही तेच. पोरगी हुशार, पण मी जितकं घोकून घेतलं तितकी ती जास्त गोंधळली. मग मला माझाच राग आला.

घरात रेंज नाही, म्हणून मुलाखत खळ्यात (अंगणात) झाली. भाभींनी शेजारचा मिक्सर बंद करवला, कोंबडा टोपलीखाली कोंडला. फोनवरच्या बाईंनी विचारलं, धाप लागून घाबरलेल्या म्हाताऱ्याला काय सांगशील? निलोफर 'ब्रेथ' म्हणाली, थांबली, 'ब्रीद' म्हणाली, पुन्हा थांबली. तेवढ्यात तिने फोन भिंतीला टेकवला, मला समोर बसवलं, माझा हात धरला आणि डोळ्यांत बघत सावकाश श्वास घेतला, सोडला. मीही घेतला. पडद्यावरच्या बाईंनीही घेतला. पुढची उत्तरं तिने न अडखळता दिली.

परतीची एसटी पालीला थांबली होती तेव्हा तिचा फोन आला.

"मॅडम, झालं माझं. पुढच्या महिन्यात जायचंय."

मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईलाही मी ते सांगून टाकलं. मग भाभींनी फोन घेतला. त्या रडत होत्या. अल्लाकडे मीच मागितलं होतं, पण आता घर खायला उठेल, म्हणाल्या. लेकीच्या नोकरीच्या नादात भाभींचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. ती गेली की आठ दिवस येते, मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

"या," भाभी नाक ओढत म्हणाल्या. "दोघींपुरतं रांधायची सवय आहे मला."