कीपर किती लांब

क्रिकेट न कळणाऱ्या माणसाला क्रिकेट शिकवायला जाऊ नये. आपला व्हिसा त्याच्या हातात असेल तर मुळीच नाही. आमच्या कंपनीचे मोठे साहेब बहारीनी, त्यांना कळायचा फुटबॉल. पण कंपन्या आणि बँकांच्या शुक्रवारच्या लीगमध्ये आपलंही नाव व्हावं असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि सदानंद गोगट्यांनी त्यांना एक खूण शिकवून ठेवली. "सर, बाकी काही बघू नका. विकेटकीपर जितका लांब उभा, तितका बोलर फास्ट." झालं! तेव्हापासून साहेब तंबूत खुर्ची टाकून बसले की बोलरकडे बघतच नसत. माझ्याकडे बघत, कारण विकेटकीपर मी होतो.

गोगटे आमचे चीफ अकाउंटंट, आणि टीमचे कॅप्टन आणि मॅनेजरही तेच. पुण्याचे असल्यामुळे तिन्ही कामं आपल्याशिवाय कोणाला जमणार नाहीत याची त्यांना खात्री होती. मी ठाण्याचा, आठवडाभर एअर कंडिशनिंगच्या डक्टची ड्रॉइंगं काढायचो. टीममधले बाकीचे असेच, कोणी सेल्समन, कोणी फोरमन. खेळासाठी म्हणून आणलेला माणूस एकच होता, हुसेन होडेकर. त्याच्यासाठी कंपनीने एक व्हिसा राखून ठेवलेला होता.

हुसेन जैतापूरचा. रत्नागिरीच्या एका स्पर्धेत गोगट्यांनी त्याला पाहिलं आणि सरळ उचलून बहारीनला आणलं. व्हिसावर हुद्दा स्टोअरकीपरचा. त्याच्याकडे कंडेन्सर मागितला तर तो पंखा काढून द्यायचा, आणि वर "आता हाच घे, चालंल" असं हसून सांगायचा. पण रागावणार कोण? त्या हाताने शुक्रवारी सकाळी नवा चेंडू टाकला की बँकांचे मॅनेजर अंग चोरून मागे सरकायचे. पहिली दोन वर्षं मी इतका लांब उभा राहायचो की स्लिपमधला माणूस विचारायचा, "मयुरेश, घरी चाललास का?"

हुसेनची बायको आबिदा आणि मुलगी लाईबा मनामाच्या सूकमागच्या, म्हणजे जुन्या बाजारामागच्या, एका गल्लीत त्याच्याबरोबर राहायच्या. एकच खोली, दारातच पायरी. लाईबा इंडियन स्कूलमध्ये पहिलीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजी. मॅच संपवून मी हुसेनला सोडायला गेलो की ही पोरगी दारात हात पसरून स्टंप होऊन उभी राहायची. "अंकल, हाऊ फार टुडे?" मग मी गल्लीत मागे मागे जायचं आणि आज कुठे उभा होतो ते दाखवायचं. शिंप्याच्या दुकानापर्यंत गेलो की ती टाळ्या पिटायची. आबिदा पदराला हात पुसत बघत राहायची. साहेबांनाही हीच खूण ठाऊक आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यामुळे मी शिंप्याच्या दुकानाशी पोचलो की ती निवांत आत वळायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या त्या मोसमात हुसेनचा खांदा गेला.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. जानेवारीभर रमजान होता. रोजे ठेवून हा माणूस बोलिंग करतोय, चेंडू थोडा हळू येणारच, असं सगळे म्हणाले. तोही म्हणाला, "ईद होऊदे, मग बघ." ईद झाली. शिरखुर्मा खाऊन झाला, आणि चेंडू होता तिथेच राहिला. मी स्लिपला न सांगता पाऊल पाऊल पुढे सरकत होतो. एकदा त्याच्या घरी गेलो तर आबिदा त्याच्या अंगातला बनियन काढत होती. त्याला स्वतःचा हात वर नेता येत नव्हता. मला बघून तो ओशाळला. ती ओशाळली नाही. म्हणाली, "मयुरेशभाई, तुमीच सांगा याला. डॉक्टर म्हंतो हात बंद ठेव, आणि हा म्हंतो हात बंद तर व्हिसा बंद." तिने दिलेला चहा मी प्यायलो. मला हुसेनचा राग येत होता, त्या खांद्याचाही येत होता, आणि गोगट्यांनी शिकवलेल्या त्या आगाऊ खुणेचा तर फारच.

फेब्रुवारीअखेर व्हिसा संपत होता. गोगट्यांनी मला अदलियाच्या ऑफिसात दार लावून सांगितलं, "उद्या साहेब स्वतः बघून ठरवणार आहेत. एक नवा पोरगा नजरेत आहे, तोफ आहे तोफ. व्हिसा एकच, मयुरेश." तेच त्यांनी हुसेनलाही सांगितलं होतं. लाईबाची वार्षिक परीक्षा मार्चमध्ये. रिन्यू झाला नाही तर तिघांनाही त्याआधी विमानात बसावं लागणार होतं, आणि पोरीचं वर्ष बुडणार होतं.

शुक्रवारी मैदान अरादचं. विमानतळ जवळच, डोक्यावरून विमानं इतकी खाली जायची की अपील ऐकू यायचं नाही. सगळी वाळू आणि खडी, मधोमध काथ्याची मॅट. ती ताणून तिच्या कडेने खिळे ठोकायचे, हे काम आमच्याकडे पहिली ओव्हर टाकणाऱ्याचं. त्या सकाळी हुसेन डाव्या हाताने हातोडी मारत होता. मी हातोडी घेतली तेव्हा तो खाली बघतच बोलला.

"मयुरेश, एक काम कर माजं. तू मागं ऱ्हा."

"चेंडू पोचला नाही तर?"

"पोचो न पोचो. तू पुढं सरकू नको. नेहमीच्या जागेवर ऱ्हा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

समोर एका बँकेची टीम होती. साहेब आले, पांढराशुभ्र पायघोळ थोब, काळा चष्मा, हातात चहाचा पेला. खुर्ची सरळ माझ्या रेषेत. मी मागे गेलो, जुन्या दिवसांत जायचो तितका. हुसेनने धाव घेतली. धाव तीच होती, ऐटही तीच. चेंडू सुटला आणि माझ्या कितीतरी पुढे दुसरा टप्पा घेऊन रखडत आला. मी तो छातीशी दणकून पकडल्याचा आव आणला आणि हात झटकले. इतकं खोटं मी कधी वागलो नव्हतो.

तिसऱ्या चेंडूला बॅटची कड लागली. सोपा कॅच. मी झेप घेतली, चेंडू माझ्या हाताआधी मॅटच्या कडेला पडला. पुढच्या ओव्हरला पुन्हा तेच. जिथे मी असायला हवा होतो तिथे कॅच पडत होता आणि मी जिथे उभा होतो तिथे नुसती वाळू होती. बँकवाले शहाणे, चेंडूत वेग उरला नाही हे त्यांनी ओळखलं आणि हुसेनला ठोकायला सुरुवात केली. चौकार गेला. पुन्हा गेला. मिड ऑफवरून गोगटे ओरडले, "मयुरेश, पुढे सरक!" विमान जात होतं म्हणून मी ऐकलं नाही असं दाखवलं. विमान गेल्यावर ते पुन्हा ओरडले. तेव्हाही मी ऐकलं नाही.

हुसेन प्रत्येक चेंडूनंतर माझ्याकडे बघायचा, मी जागेवर आहे ना म्हणून. त्याचा शर्ट भिजला होता आणि उजवा हात मांडीशी लोंबत होता. चेंडू घासायचा तोही तो डाव्या हाताने घासत होता. मला वाटायला लागलं की आता याने पाय मुरगळल्याचं सोंग करावं, पडावं, काहीही करावं, पण हे थांबवावं.

गोगटे चेंडू काढून घ्यायला आले. हुसेन तो त्यांच्या हाताला लागू देईना. "गोगटेसाहेब, एक ओव्हर. शेवटची. आबिदाची शपथ." गोगट्यांनी तंबूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेले.

मग हुसेन धावेच्या खुणेकडे न जाता मॅटच्या कडेने चालत चालत माझ्यापर्यंत आला. त्याच्या अंगाला बामचा वास येत होता.

"ये पुढं," तो म्हणाला. "स्टंपांना चिकटून ऱ्हा."

"वेडा आहेस का? साहेब बसलेत."

"बसूदेत. मना विकेट पाहिजे, मयुरेश. पाटी कोरी घेऊन मी त्यांच्यापुढं कसा जाऊ? चार विकेटा दिसल्या तर मानूस काय आंधळा हाय?"

चुकला तो इथेच चुकला. त्याला वाटलं विकेट बोलेल. जैतापुरात ती बोलली असती. पण त्याचे डोळे असे झाले होते की मला नाही म्हणवेना. मी सगळ्या मैदानादेखत पुढे आलो आणि स्टंपांमागे वाकून बसलो. असा मी फक्त आमच्या हेडक्लार्कच्या संथ बोलिंगला बसायचो. बॅट्समन मागे वळून हसला. तंबूत साहेबांनी चष्मा काढला.

हुसेन चार पावलं धावला आणि त्याने चेंडू हळूच, बोटांनी वळवून सोडला. असा चेंडू त्याच्याकडे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. बॅट्समन हसत हसत पुढे आला, चुकला, आणि मी बेल्स उडवल्या. त्याच ओव्हरला दुसऱ्याची कड लागली आणि चेंडू माझ्या ग्लव्हजमध्ये बसला. गोगट्यांनी काढून घ्यायचा तो चेंडू त्याच्याच हातात ठेवला. जुम्म्याच्या नमाजेसाठी खेळ थांबला तेव्हा चार विकेट हुसेनच्या नावावर होत्या आणि बँक आडवी झाली होती. पोरांनी त्याला उचललं. "खांदा, खांदा!" म्हणून तो ओरडत होता आणि हसत होता. त्या वर्षात मी त्याला तेवढंच हसताना पाहिलं.

नमाज झाली, आम्ही मॅच जिंकली. तंबूत बिर्याणीचं पातेलं उघडलं. साहेब आले आणि त्यांनी माझा हात धरला, हुसेनचा नाही. "व्हेरी ब्रेव्ह. सो क्लोज!" मग गोगट्यांकडे वळून त्यांनी हुसेनकडे नुसती हनुवटी केली. "खलास?"

गोगटे गडबडले. मी त्यांना नेहमी नावं ठेवतो, पण त्या वेळी ते खरंच भांडले. सर, चार विकेट घेतल्या, त्यानेच मॅच काढली, सर. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, हळू टाकणारे ऑफिसात आहेतच की, त्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. जाता जाता हुसेनच्या पाठीवर, नेमक्या त्याच खांद्यावर, थाप मारून ते गाडीत बसले. हुसेनच्या हातात बिर्याणीची प्लेट होती. ती त्याने तशीच खाली ठेवली आणि मॅटचे खिळे उपटायला गेला.

संध्याकाळी मी त्याला सोडायला गेलो. गल्लीत शिरतो तोच लाईबा दारातून धावत आली, पायरीवर हात पसरून उभी राहिली. "अंकल, हाऊ फार?"

मी मागे चालायला लागलो. शिंप्याचं दुकान गाठलं. ते ओलांडून पुढे निघालो, आज तिला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन दाखवायचं असं मी ठरवलं होतं. लाईबा उड्या मारायला लागली. आबिदाचा चेहरा उजळला.

"मयुरेश," हुसेन म्हणाला. "खरं दाखव."

मी थांबलो. मग मी परत आलो, शिंप्याच्या दुकानावरून, शेजारच्या दारावरून, आणि लाईबाच्या अगदी मागे पायरीशी वाकून बसलो. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सो क्लोज?" असं म्हणून तिने बापाकडे पाहिलं आणि हात खाली घेतले.

आबिदाला काही सांगावं लागलं नाही. ती उंबऱ्यातच उभी होती.

"परीक्षा तरी होऊ देतील ना तिची?" तिने विचारलं.

"नाय," हुसेन म्हणाला, आणि बनियन काढून घ्यायला तिच्यापुढे पाठ करून बसला.