ब्रेकमध्ये राहिलेली हवा

दिवे घाटात आमची पिकअप गटारात गेली ती धाकट्या भावाच्या वेगामुळे, असं आमच्या घरात आजही सांगितलं जातं. ते खरं नाही. गाडी हळू होती. ब्रेक मी बिघडवला होता.

भाऊ लोणी काळभोरला शेती करतो आणि तेव्हा त्या जुन्या पिकअपमधून लोकांचा माल पुण्याच्या बाजारात पोचवायचा. मी कारखान्यातून निवृत्त होऊन गावी आलो होतो. खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणून आदल्या दिवशी तो शेतात असताना मी पुढची चाकं उतरवली. डिस्कला चिमटीत धरणारे दोन्ही कॅलिपर गंजले होते. ते सोडवले, घासले, रुपेरी रंग दिला आणि ओट्यावर शेजारी शेजारी वाळत ठेवले.

परत बसवून पेडल दाबलं, तर पाय उशीवर ठेवल्यासारखा आत गेला. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या सोडल्या होत्या, हवा शिरणारच. ती काढायला मी बायकोला स्टिअरिंगमागे बसवलं आणि स्वतः चाकापाशी पाना घेऊन आडवा झालो.

"दाब. आता धरून ठेव."

"अहो, धरलंय. किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"लग्न झाल्यापासून तेच चाललंय."

कॅलिपरवर हवा काढायला एक बारीक तोटी असते, निपल; त्यातून तेल यायचं, सुरुवातीला बुडबुडे, मग नुसतं तेल. तरी पेडल घट्ट होईना. सगळे जोड पुसून पाहिले, कुठे गळत नव्हतं. भराभर दाबलं की मात्र पेडल वर यायचं. आत अजून हवा आहे, हे मला कळत होतं. कुठे आहे, ते कळत नव्हतं.

भाऊ आल्यावर म्हणाला, "दादा, मेकॅनिककडं टाकू का?"

"कशाला? मी केलंय ना. आधी दोनदा दाबत जा."

दसऱ्यानंतर तो सासवडहून सीताफळं आणायला निघाला, तेव्हा मी उगाच काम काढून सोबत गेलो. परतताना गाडी भरलेली होती. घाट सुरू झाला आणि मी दोन सीटांमधल्या हँडब्रेकवर हात ठेवला. भावाने हाताकडे पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. प्रत्येक वळणाआधी तो पेडल दोनदा दाबायचा आणि मी हँडब्रेकची मूठ आवळायचो. खाली मस्तानी तलावाचं पाणी दिसत होतं. मी तिकडे पाहणं सोडून दिलं.

मग एका वळणावर त्याने तिसऱ्यांदा दाबलं, चौथ्यांदा दाबलं. "दादा, लागंना," एवढंच म्हणाला. मी हँडब्रेक ओढला. मागची चाकं घासली, गाडी थांबली नाही. त्याने गिअर खाली टाकला आणि दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूचं गटार धरलं. त्याचा खांदा मोडला. मला खरचटलं.

गोळा झालेल्या लोकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "वळणावर जरा जोरात होता."

गाडी घरी ओढून आणल्यावर मी एकट्याने चाकं काढली. डावा कॅलिपर उजवीकडे होता, उजवा डावीकडे. त्यामुळे निपल वर असायचं ते खाली आलं होतं. मी खालून तेल काढत होतो आणि हवा वर तशीच बसून होती; पेडलचा दाब तीच खाऊन टाकायची. कुणी यायच्या आत मी त्यांची अदलाबदल करून टाकली. भाऊ त्यानंतर स्टिअरिंगला बसला नाही. घरात त्याच्या वेगाची चेष्टा व्हायची, तेव्हा मी ताटाकडे बघून जेवत राहायचो.

परवा गोठ्यापाशी त्याला सगळं सांगितलं. तो खांदा चोळू लागला.

"म्हंजे ब्रेक बरोबर न्हाई, हे तुला म्हाईत हुतं."

"ब्रेक जाईल हे माहीत नव्हतं. भीती वाटत होती."

"मला वाटलं, माझ्या हातावर तुझा भरवसा न्हाई म्हणून तू हँडब्रेक धरून बसलायस. घाटभर तेच डोक्यात हुतं."

त्याने खांद्यावरचा हात काढला.

"घरात सांगशील?"

"सांगतो."

"मी समोर असताना सांग. सगळ्यांना बसवून."

रविवारी सगळे जमणार आहेत. तोंडाने सांगताना मी पुन्हा एखादं वळण, एखादा वेग मध्ये घालीन, याची मला धास्ती वाटते. म्हणून हे लिहिलं आहे. तेच वाचून दाखवणार आहे.