आत्यानं धुतलेला कोट

माझ्या आत्याच्या अंगाला बोकडाचा वास यायचा, आणि ज्याला तो खपत नसेल त्यानं खुशाल उठून जावं, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे. ती इसेन्सच्या कारखान्यात होती. तिथे पिंपांतून एक तेलकट आम्ल यायचं. कागदोपत्री त्याचं नाव कॅप्रोइक, पण कामगार नुसतं ‘बोकड’ म्हणायचे. शेळीच्या दुधातही ते असतं थोडंसं. पाण्यात ओतलं तर मिसळायचं नाव नाही, वर तवंग धरून बसणार. पण अल्कोहोलमध्ये घालून, जोडीला तीव्र आम्लाचे थेंब देऊन तापवलं, की त्याच घाणीतून अननसाचा घमघमाट सुटायचा. लोकांनी सरबतात अननस प्यायचा आणि आत्यानं बोकड अंगावर घ्यायचा, असा सगळा कारभार.

आईबाप गेले तेव्हा शाळा सोडून ती त्या पिंपांपाशी उभी राहिली, धाकट्या भावाला शिकवायला. त्याच्यासाठी जिवाचं रान केलं, स्वतःच्या लग्नाचा विषयही काढू दिला नाही. भाऊ दातांचा डॉक्टर झाला. हा भाऊ म्हणजे माझे बाबा. डॉक्टर झाले आणि नाकानं कांदे सोलायला लागले.

नव्या घरात त्यांनी मोठमोठ्या डॉक्टरांना जेवायला बोलावलं होतं. आत्या कामावरून तशीच आली, हौसेनं, भावाचं घर बघायला. एका बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, “या कोण?”

“या होय? आमचे कपडे धुतात,” बाबा म्हणाले.

आत्यानं हातातली ताटली खाली ठेवली आणि निघून गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाबांशी बोलणंच टाकलं. आत्या मात्र मला म्हणाली, “कपडे धुणारी म्हणाला ना? मग धुते की एकदा.”

पुढे डॉक्टरांच्या संघटनेनं बाबांचा सत्कार ठरवला. त्यांचा करडा कोट धुवायला टाकायचा होता. मी तो लाँड्रीत न नेता आत्याच्या खोलीवर नेला. तिनं पातेल्यात धुण्याचा सोडा विरघळवला आणि कारखान्यातून छोट्या बाटलीत आणलेलं ते बोकड-आम्ल त्यात ओतलं. फसफसून फेस आला. आधी खोलीभर बोकड, आणि मग हळूहळू काहीच नाही.

“गेला?” मी विचारलं.

“जातोय कुठे! सोड्यानं त्याला धरून ठेवलंय. साबणाचाच भाऊबंद झालाय तो आता, पाण्यात विरघळतो, वास नाही. आंबट काही लागलं की पुन्हा मोकळा.” सोडा ती अगदी बेतानं टाकत होती. जास्त झाला तर तोच आंबटपणा खाऊन टाकेल, म्हणाली.

“पण कोटाला आंबट कुठून लागणार?”

“घाम आंबटच असतो, बयो.”

काखेतलं आणि कॉलरखालचं अस्तर तिनं त्या पाण्यानं भिजवलं, वाळवलं, वरून इस्त्री फिरवली. बाबांनी सवयीप्रमाणे कोट हुंगून घेतला. “लाँड्रीवाला बरा दिसतोय,” म्हणाले. मला हसू आवरेना.

सत्काराला आत्या माझ्याशेजारी तिसऱ्या रांगेत बसली. “भाषणात एकदा ‘माझी बहीण’ म्हणाला, तर स्टेजवर जाऊन मी स्वतः कोट उतरवून घेईन. बाकी काही नको मला,” ती माझ्या कानात म्हणाली. बाबांनी गुरुजनांचे आभार मानले, सासऱ्यांचे मानले, कंपाउंडरचेसुद्धा मानले. मग छाती काढून म्हणाले, “मी एकट्यानं, स्वतःच्या हिमतीवर इथवर आलो.” आत्यानं डोळे मिटले.

वर दिव्यांचा झोत, अंगात लोकरीचा कोट. बाबांच्या कपाळावर घाम चमकला. आधी सूत्रसंचालक नाक चोळायला लागला. मग प्रमुख पाहुण्यांनी रुमाल काढला. बाबांनाही वास आला. त्यांनी सभागृहावर नजर फिरवली, आत्या दिसली, आणि त्यांचा चेहरा खुलला. हो, खुलला! सापडलं ना कारण.

“त्या तिसऱ्या रांगेतल्या बाईंना जरा बाहेर न्या,” ते माईकवर म्हणाले. “कारखान्यातून तशाच आलेल्या दिसतात.”

सगळ्या माना वळल्या. दोन स्वयंसेवक आले. आत्या उठली, मीही उठले. आम्ही दारापर्यंत पोचलो तरी स्टेजवरचा वास हलला नाही, उलट वाढला. पाहुण्यांनी खुर्ची लांब ओढली. कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता अख्खं सभागृह हसायला लागलं. बाबांनी स्वतःची कॉलर हुंगली. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं.

“ताई!”

माईक चालूच होता. हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. आत्याचा पाय दारातच अडला. मला वाटलं, विरघळली, आता धावत जाणार.

“ताई, अगं थांब! याला काय लावू?”

आत्या वळली. इतक्या माणसांत तिचा आवाज जराही चढला नाही.

“सोडा चोळा, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली. “दबेल. घाम फुटला की परत येईल.”

आणि तिनं दार ओढून घेतलं.