तोंडी कळवावे

मी आयुष्यात एकदाच राजीनामा दिला, आणि तोही पळीने.

पळी म्हणजे आमटी वाढायची. कागद नाही, सही नाही, आणि मुख्य म्हणजे मला राजीनामा द्यायचाही नव्हता! पण सगळं पहिल्यापासून सांगते. इतकी वर्षं झाली तरी ती गोष्ट आठवली की माझी कानशिलं तापतात.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या अंबडला पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. मोबाईल तेव्हा फक्त बिल्डर लोकांच्या कमरेला असायचा, त्यामुळे कंपनीत येणारा आणि जाणारा प्रत्येक फोन माझ्या बोर्डावरून जायचा. मागे प्रेस मशिनची धडधड, कानात लाइनीची खरखर आणि मध्ये मी, दिवसाचे आठ तास किंचाळत. "हॅलो! मोठ्याने बोला! अहो, ठेवू नका, धरून ठेवा!" अकरा वर्षं असं किंचाळल्यावर एके सकाळी मी "हॅलो" म्हणाले आणि तोंडातून नुसती हवा आली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर दोन गाठी होत्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. ऑपरेशन लहानसंच झालं, पण त्यानंतर बाईंनी हुकूम सोडला, "सहा आठवडे एक शब्द नाही. कुजबुज तर मुळीच नाही. मोडलंत, तर हा आवाज परत येईल याची खात्री मी देणार नाही."

(हे ऐकताना आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर एक प्रसन्न भाव तरळला. माझा आवाज बंद होता, डोळे नव्हते!)

मी मात्र खरंच घाबरले. आवाज गेलेल्या ऑपरेटरला कोण ठेवून घेणार? म्हणून रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट रजिस्टर पोस्टाने कंपनीत पाठवलं आणि पाटी-पेन्सिल घेऊन घरात गप्प बसले.

आता आमच्या कंपनीचा एक नियम सांगायला हवा. काही कामगार आजारी रजा टाकून द्राक्षबागेच्या छाटणीला जातात, असा पर्सोनेल ऑफिसर मुळगुंद साहेबांना शोध लागला होता. म्हणून त्यांनी फर्मान काढलं होतं, की पंधरा दिवसांच्या वर आजारी रजा असेल तर कर्मचाऱ्याने दर सोमवारी सकाळी दहा वाजता स्वतः फोन करून प्रकृतीची माहिती तोंडी कळवावी. हे सोमवारचे आजारी फोन मीच जोडून द्यायचे. तापाने फणफणलेल्या माणसालाही "जरा खणखणीत बोला हो!" म्हणून दटावायचे. ते सगळे लोक त्या महिनाभरात मला एकेक करून आठवले.

पहिल्या सोमवारी ह्यांनी फोन लावला. हे शाळेत भूगोल शिकवतात आणि स्वभावाने इतके मऊ, की नकाशावर वाळवंट दाखवतानाही त्यांना वाईट वाटतं. मी शेजारी कान लावून बसले होते.

"साहेब, मी निकमबाईंचा नवरा बोलतोय. तिची तब्येत कळवायची होती."

"आजारी कोण आहे? तुम्ही की त्या?"

"ती."

"मग त्यांना द्या."

"साहेब, तिला बोलता येत नाही. घशाचं ऑपरेशन झालंय."

"ते अर्जात वाचलं मी. पण नियमात 'स्वतः' असं लिहिलंय."

"पण बोलता येत नाही, हाच तर तिचा आजार आहे!"

"हो ना," मुळगुंद शांतपणे म्हणाले, "मग तेवढं त्यांनी सांगू दे की!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पाटी ओढली आणि एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'डोकं घरी ठेवून कामावर येता का?' आणि ती ह्यांच्या नाकासमोर धरली. ह्यांनी पाटी वाचली, आवंढा गिळला आणि फोनवर म्हणाले, "साहेब, मिसेस विचारतेय, घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत, बरे आहेत," मुळगुंद खूश झाले. "पुढच्या सोमवारी त्यांनाच बोलू द्या म्हणजे झालं."

त्या दिवशी मी पहिली पाटी फोडली. (भांडायला तोंड नसलं की माणसाने काय करायचं? पाटीवर 'तुम्ही बुळे आहात' असं लिहिलं, तर हे म्हणाले, "'बु'चा उकार नीट काढ.")

दुसऱ्या सोमवारी ह्यांच्या शाळेत तपासणी होती. फोनची जबाबदारी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घेतली. आबा चांदवडचे. सगळी हयात कांद्याच्या शेतात गेलेली, नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. फोन त्यांना फार आवडायचा, पण तारेतून आवाज जातो म्हणजे मागून ढकलावा लागत असणार, अशी त्यांची समजूत होती. मी पाटीवर व्यवस्थित लिहून दिलं, 'प्रकृती ठीक. बोलण्यास मनाई. रजा मंजूर करावी.' आबांनी चष्मा शोधला, सापडला नाही, तर म्हणाले, "राहू दे पोरी. मला ठावं हाय काय सांगायचं ते." आणि फोन लागल्याबरोबर गल्ली दणाणून सोडली.

"सायेब! लय वंगाळ अवस्था हाय हो! पोरगी बोलत नाय, हसत नाय. दिसभर भिंतीकडं बघून बसती! काय इचारलं तर पाटीवर लिवून दावती, आन आपल्याला वाचाया आलं नाय तर डोळं वटारती! परवा तर पाटी फोडली, सायेब!"

मी दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' करत होते. आबांनी तेही तिकडे कळवलं. "हे बघा, आता हातवारे बी करती!"

चार दिवसांनी पत्र आलं. 'आपल्या सासऱ्यांनी दिलेल्या तोंडी माहितीवरून आपला आजार घशाचा नसून मानसिक असल्याचे दिसते. तरी रजा मंजूर करण्यापूर्वी त्या तज्ज्ञाचा दाखला सादर करावा.' म्हणजे माझ्या डॉक्टरीणबाईंचा लेखी कागद खोटा आणि आबांचं बोंबलणं खरं! कारण ते तोंडी होतं ना! मी इतकी संतापले की दुसरी पाटी फोडली. आबा हळूच ह्यांना म्हणाले, "बघ, मी काय खोटं बोललो का?"

मग तिसऱ्या सोमवारी आम्ही शास्त्रशुद्ध मार्ग काढला. कल्पना ह्यांची. हे फोन लावून देतील, मुळगुंद प्रश्न विचारतील आणि मी स्वतः टकटक करून उत्तर देईन. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मुळगुंदांना हे फारच पटलं. "वा! म्हणजे 'स्वतः' झालं!"

मी रिसीव्हर कानाला लावला आणि फोनच्या तिपाईवर नखाने टकटक केलं.

"ऐकू येत नाही, मिसेस निकम. जरा खणखणीत!"

(माझंच वाक्य! मलाच!)

हे धावत स्वयंपाकघरात गेले आणि हाताला लागली ती पितळी पळी घेऊन आले. पहिले प्रश्न सरळ गेले. आपणच निकम का? ठण्. औषध चालू आहे का? ठण्. द्राक्षबाग आहे का? ठण् ठण्. मला वाटलं, सुटले. आणि मुळगुंद गळ्यात मध ओतल्यासारखे म्हणाले, "असं बघा, आवाज काही लगेच येणार नाही. ऑपरेटरला आवाज तर हवा. मी काय म्हणतो, तुम्ही स्वखुशीने राजीनामाच देताय का?"

अकरा वर्षं! अकरा वर्षं ह्या माणसाचे फोन जोडले. साहेब जागेवर असताना 'जागेवर नाहीत' म्हणून सांगितलं. आणि आता स्वखुशीने? माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. मी पळी डोक्याच्या वर उचलली आणि पहिला ठोका असा हाणला की तिपाईवरचा पाण्याचा पेला खाली गेला. दुसऱ्या ठोक्यात तर मी सगळा जीव ओतला. तो तिपाईवर बसलाच नाही. तो बसला फोनवरच्या, रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर. फोन कट. नुसता कट नाही, खटका तुटून पलंगाखाली गेला!

मी हातात रिसीव्हर आणि पळी घेऊन उभी. हे खाली बसून बोटांवर मोजत होते.

"म्हणजे त्यांना तिकडे... एकच ऐकू गेला," हे म्हणाले.

हे तसेच पाथर्डी फाट्यावरच्या पीसीओकडे धावले, पण तोवर मुळगुंद मीटिंगला गेले होते. आणि गुरुवारी पत्र आलं. 'राजीनाम्याबाबत विचारणा केली असता आपण एक ठोका देऊन होकार दर्शविला व तत्काळ फोन बंद केला. सदर ठोका स्वीकारण्यात येत आहे. शनिवारी येऊन सही करावी.'

शनिवारी ह्यांची परीक्षेची ड्यूटी होती. मी नवी पाटी घेतली, आबांना घेतलं आणि रिक्षाने अंबडला गेले. वाटेत आबा दोनदा म्हणाले, "पोरी, डोकं शांत ठेव." मी दोनदा मान हलवली. दोन्ही वेळा खोटी.

मुळगुंदांनी मोठ्या अगत्याने बसवलं, चहा मागवला. राजीनाम्याचा टाइप केलेला कागद समोर ठेवला. मी पाटीवर लिहिलं, 'मी दोन ठोके दिले होते.'

"असतील. पण ही पाटी मी फाइलला कशी लावू?"

मी त्यांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं.

"लेखी नको हो! तुमचं लेखी सगळं आहे माझ्याकडे. तोंडी नाहीये." मग पुढे वाकून, आपण फार उदार आहोत अशा सुरात म्हणाले, "हे बघा, दार लावलंय. कुणाला कळणार नाही. 'मला बोलता येत नाही' एवढं एकदा तोंडाने सांगा. आत्ता हा कागद फाडतो!"

पुढचं मला नीट आठवत नाही. आबांनी सांगितलेलं सांगते. मी उठले. पाटी टेबलावर आपटली. आणि गंजलेलं शटर एका झटक्यात वर ओढावं तशा आवाजात मी गर्जले,

"मला! बोलता! येत! नाही!!"

बाहेर दोन मशिनं थांबली. चहावाला दारातूनच परत गेला. घशात कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं, एवढं मात्र मला आठवतं.

मुळगुंदांनी समाधानाने पेनचं टोपण काढलं आणि फाइलमध्ये लिहिता लिहिता मोठ्याने वाचून दाखवलं, "सदर कर्मचारी यांनी समक्ष येऊन, आपणांस बोलता येत नसल्याचे स्पष्ट व मोठ्या आवाजात सांगितले. रजा मंजूर." आणि राजीनामा खरोखर टराटरा फाडला! त्या माणसाच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. नियम पूर्ण झाला होता.

आबा तर मुळगुंदांच्या पायाच पडले. "सायेब! डाक्टरला जमलं नाय ते तुमी केलं! पोरगी बोलली!"

डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला आणि आरसा खाली ठेवला.

"कुणावर ओरडलात?"

मी लिहिलं, 'साहेबांवर.'

"काय ओरडलात?"

मी तेही लिहिलं. बाई आधी हसल्या, मग मात्र एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, जखम सुजली आहे, आणखी सहा आठवडे गप्प बसावं लागेल, आणि पूर्वीचा आवाज येईल असं आता काही सांगता येत नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, तेही आवाज न करता. मुळगुंदांचा राग येत होता. पण ते नुसतं विचारत होते, ओरडले मी होते. ह्या रागाने पाट्या मोडल्या, फोन मोडला आणि आता घसा मोडला होता. हे शेजारच्या पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा मऊपणा बरा वाटला.

आवाज आला, पण दुसराच. जाड, घोगरा, एखाद्या फौजदाराला शोभेल असा. कंपनीने काही हरकत घेतली नाही. (लोक आता फोनवर उगाच वाद घालणार नाहीत, असं मुळगुंदांचं मत पडलं.) कामावर हजर झाले त्या दिवशी मी ठरवून गेले होते, की आता आवाज चढवायचा नाही. चिडायचं नाही. आणि बोर्डावर पहिलाच फोन चांदवडहून आला. आबा महिन्याभरापासून कांद्याच्या काढणीसाठी गावी होते. माझा नवा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.

"हॅलो," मी म्हणाले.

"सायेब, राम राम!" आबा तिकडून ओरडले. "मी निकमबाईचा सासरा. आज आमची सून कामावर येती हाय, म्हनून म्हटलं तुमच्या कानावर घालावं. पोरगी मनानं लय चांगली हाय, पण सायेब, लय तापट! तिच्या सासूच्या वरताण! आमी दोघं बाप-लेक घरात जीव मुठीत धरून ऱ्हातो. ती गप होती ते दोन-अडीच महिनं, काय सांगू सायेब, निस्तं सुख होतं! पन तिचा जीव हाय तुमच्या त्या फोनवर. काय चुकलं-माकलं तर पदरात घ्या. आन मी फोन केला, हे तेवढं तिला सांगू नका. मला परत त्याच घरात ऱ्हायचंय!"

मी रिसीव्हर घट्ट धरला, डोळे मिटले, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि होता नव्हता तेवढा घोगरा आवाज काढून म्हणाले,

"बरं. बघतो."