इवायासाठी खास चहा

आमच्या घरात भेटवस्तू आणायचं काम मला देत नाहीत. एकदा मेव्हण्याच्या वास्तूला मी भर मे महिन्यात घोंगडी नेली होती, तेवढ्यावरून. (घोंगडी उत्तम होती. आजही कुठे फाटलेली नाही, कारण कोणी पांघरलेलीच नाही.)

त्यामुळे पुतणी पिंकीच्या साखरपुड्याला, आमच्या भाषेत साक्षगंधाला, होणाऱ्या इवायासाठी, म्हणजे तिच्या सासऱ्यासाठी, मी स्वतःच्या हाताने काहीतरी करणार म्हटल्यावर बायकोने, सुनंदाने, लाटणं खाली ठेवलं.

"तुमी फक्त या," ती म्हणाली. "हात हलवत या."

पण प्रश्न पिंकीचा होता. तिला लग्न आमच्या मूल गावीच, तिच्या बापाच्या, म्हणजे माझ्या दादाच्या अंगणात करायचं होतं आणि इवायाचं म्हणणं, आमच्या गावी कोरपन्याला करा. त्यात मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी चहाला हातही लावला नाही. "साखर चालत नाई, दूध पचत नाई," म्हणून नुसते बसून राहिले. आमच्याकडे पाहुणा चहा न घेता उठला की सोयरिकीला पाय फुटले असं समजतात. साक्षगंधाच्या दिवशी इवायाचा मूड पाहून दादा अंगणाचा विषय काढणार होता. म्हणजे मूड महत्त्वाचा, आणि मूड सांभाळेल असा माणूस आमच्या खानदानात मी एकटाच.

मोबाइलवर मी पाहिलं होतं की लोक वाळलेल्या फळांचा चहा करतात, ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे, आणि फीत बांधून भेट देतात. साखर नाही, दूध नाही, चहापत्तीसुद्धा नाही. (मग त्याला चहा का म्हणायचं, हा प्रश्न मलाही पडला; पण मी मागे हटणारा माणूस नाही.) आपल्या जंगलात फळांना काय तोटा? बाजारातून वाळलेली बोरं आणली, आवळकाठी आणली, रंगासाठी अंबाडीची लाल फुलं आणली. खलबत्त्यात कुटून बरणीत भरलं तर बरणी अर्धीच भरली. आता अर्धी बरणी भेट दिली तर बाकीची आपणच प्यालो असं दिसतं. फडताळात हिरड्याची पिशवी होती. फळ आहे, वाळलेलं आहे, जंगलातलं आहे. माझ्या तिन्ही अटींत हिरडा बसत होता. बरणी गळ्यापर्यंत भरली आणि वर फीत बांधली.

"चव तरी पायली काय?" सुनंदाने विचारलं.

"दुसऱ्याची भेट उष्टी करू काय?"

ती गप्प बसली. (ती गप्प बसली की मी जिंकलो असं धरतो.)

साक्षगंध अकराला होतं, म्हणजे दोनला. इवाई मात्र सकाळीच दादाच्या घरी सहकुटुंब उतरले. मी लगेच त्यांच्या हातात लालबुंद चहाचा कप दिला. एक घोट घेतल्यावर त्यांचे दोन्ही गाल आत गेले.

"कसा आहे, भाऊ?"

"वेगळा हाय."

"खास तुमच्यासाठी केला."

एवढं ऐकल्यावर नव्या सोयऱ्याला कप खाली ठेवता येत नाही, आणि पाहुण्याला एका कपावर सोडणं मला येत नाही. दुसरा दिला. तिसऱ्याला ते नको म्हणाले, म्हणून आग्रह केला.

दोन वाजता पिंकी पाटावर बसली. इवाई साडीचं ताट घेऊन उभे राहिले. उभे राहिले आणि तसेच थांबले. मग ताट माझ्या हातात देऊन, कोणाकडे न पाहता, चपलाही न घालता परसाकडे निघून गेले.

मांडवात कुजबुज सुरू झाली. "इवाई रुसला." दादाचा चेहरा उतरला. तो मागोमाग गेला आणि परसातल्या संडासाच्या बंद दारासमोर हात जोडून उभा राहिला.

"भाऊ, काय चुकलं आमचं?"

"काई नाई," आतून आवाज आला.

आता, खरोखर रुसलेला माणूस नेमकं हेच म्हणतो.

"मानपानात कमी पडलं काय?"

"तुमी जा ना, बाप्पा."

"नाई जात. तुमी बाहेर आल्याशिवाय नाई जात."

आत शांतता. (ती शांतता फार कष्टाची होती, हे नंतर कळलं.) दादा पुरता घाबरला. "बरं, लग्न कोरपन्याले करू. तुमी म्हणान तसं करू. पण असे दार लावून नोका बसू."

मागे पिंकी येऊन उभी होती. तिने ते ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. हातात ताट होतं, नाहीतर मीही पुसले असते.

तेवढ्यात सुनंदा बरणी घेऊन आली. तिने झाकण काढून वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हिरडा किती टाकला यात?"

"अर्धी बरणी."

"दादाजी, ते रुसले नाई," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "यायनं इवायाले जुलाब देल्ला!"

कोणी हसेना. दादाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर त्याने घोंगडीलाही दिली नव्हती. मग आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, कडी निघाली आणि इवाई बाहेर आले. चेहरा असा मोकळा, की मुलगी पाहायला आलेला तो कपाळाला आठ्या घातलेला माणूस हाच का, अशी शंका यावी.

"ते बरणी कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

सुनंदाने ती पाठीमागे लपवली.

"द्या इकडे. नागपूरपर्यंत दवाखाने केले मी या पोटापायी. कोणाच्या औषधानं असं हलकं वाटलं नाई." मग ते दादाकडे वळले. "आन् तुमी कायले कोरपना-कोरपना करून राह्यले? लग्न इथीच करू, पोरीच्या अंगणात. फक्त इथी आणखी दोन संडास उभे करजा. वऱ्हाड मोठं हाय आमचं."

पिंकीचं लग्न तिच्या अंगणात थाटात झालं. मला आत्मविश्वास होताच. मात्र कोरपन्याचा प्रत्येक वऱ्हाडी कप उचलण्याआधी विचारत होता, "चहा कोनं केला?" मी केला नव्हता. मला चुलीजवळ फिरकूही दिलं नव्हतं. दादाने माझ्याकडे परसातली पाण्याची टाकी सोपवली होती, ती दिवसभर भरलेली ठेवायची. मी ती काठोकाठ भरलेली ठेवली. सुनंदा म्हणते, तुमच्या हातून कोणाच्या कामी आलेली ही भरलेली टाकीच पहिली भेट.