डाव्या बरगडीखालचा आवाज

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

वाशिमच्या दवाखान्यात मी धाकटा डॉक्टर होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची वर्षं. आमच्या घरी तेलाचा घाणा. मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. शाळेतल्या मास्तरांनी हात धरून इथवर आणलं, ते ऋण मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

आमचे साहेब छातीच्या रोगांचे जाणकार. विलायतेत शिकलेले, तरी साधे, सज्जन — आणि तेच मला सोसत नसे. न्यूमोनियाच्या रोग्याला लोक बंद खोलीत, शेगडीजवळ कोंडत. साहेब त्याची खाट ओसरीत उघड्या हवेत टाकत, पाठीला उशा देऊन बसतं ठेवत, थुंकायला राखेचं डबडं देत, आणि स्वतः शेजारी बसून श्वास मोजत. औषधं तेव्हा फारशी नव्हतीच. तरी बरीच माणसं उठत. उठलं की पाया पडत ते साहेबांच्या. मीही तिथे राबत होतो ना? मला कोण विचारतो?

मेडशीची रुक्मा अशीच आली. अंगावर पितं मूल, सोबत सासू. मी नाडी बघायला गेलो की सासू म्हणे, "तुमी राहू द्या बापा. छातीवाल्या सायबाले येऊ द्या." मग शेजारच्या खाटेकडे वळून, "हा पोरगा कंपाउंडर हाय वाटते." सारी ओसरी हसली. मीही हसलो.

रुक्माचा ताप उतरला. साहेब सासूला म्हणाले, "सून वाचली तुझी." मग ते एका रोग्यासाठी अनसिंगला गेले. जाताना मला म्हणाले, "ताप पुन्हा चढला तर बोटाने छाती ठोकून आवाज बघ. शंका आली तर लगेच गाडी पाठव."

दुसऱ्याच दिवशी दुपारी ताप चढला. मी ठोकून पाहिलं. एक सांगू? — यात माझा हात साहेबांपेक्षा तयार होता. बाबा तेलाचा डबा न उघडता, नुसता बोटाने वाजवून तेल कुठवर आहे ते सांगत. मी ते बघतच वाढलो. डाव्या बरगडीखाली आवाज दगडासारखा बद्द. आत पू झाला होता. तो सुईने काढायला हवा होता, आणि ते काम साहेबांचंच.

सासू जवळ आली. "काहून चढला जी ताप? सायबाले बलावू का?"

"कमजोरीचा आहे," मी म्हणालो. "साहेबच म्हणाले ना, सून वाचली म्हणून?"

हे बोलताना — खरं सांगतो — मला बरं वाटलं. साहेबांनी परत यावं आणि सगळ्यांदेखत त्यांचा शब्द खोटा पडावा. एकदाच. रुक्मा मरावी असं मनात नव्हतं... पण मरेल हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. मी पुढच्या खाटेकडे गेलो.

दोन दिवसांनी साहेब परतले तेव्हा तिला धाप आवरत नव्हती. ठोकता ठोकता त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पू काढला, वाडगाभर. उशीर झाला होता. रुक्मा त्याच संध्याकाळी गेली.

हात धुताना त्यांनी विचारलं, "तू ठोकलं होतंस?"

"हो. आवाज मोकळा होता."

त्यांनी लगेच मानलं. "मग एकाएकी भरलं असेल," ते म्हणाले. "मी जायला नको होतं."

त्यानंतर ओसरीत न्यूमोनियाचा रोगी असला की साहेब वाशिम सोडेनात. खेड्यांतून बैलगाड्या जुंपून लोक न्यायला येत, गयावया करत. "रोग्याला इथे आणा," एवढंच साहेब म्हणत. काही रोगी आणण्याजोगे नसत. "लय घमेंड आली सायबाले," म्हणत लोक रिकामी गाडी वळवत. साहेब खाली मान घालून आत जात. मी शेजारीच उभा असे, आणि मग पुढच्या खाटेकडे जात असे.