पांढऱ्या कुरडया

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही—तो म्हणेल, झालं गेलं, सोड आता. पण सुटत नाही ना.

मंगल आणि मी परळीत एकाच शाळेत शिकवतो. पूर्वी ती मला सुनंदा म्हणायची, माझ्या डब्यातलं न विचारता घ्यायची. हल्ली मॅडम म्हणते. शाळेत सगळ्यांना वाटतं, दोघींचं काहीतरी किरकोळ बिनसलं असेल. किरकोळ?

परळीत भाड्याचं घर शोधणं काय असतं, ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. औष्णिक वीज केंद्राची राख वारा जिकडे नेतो तिकडे घरं स्वस्त. दुसऱ्या अंगाची भाडी आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर. मंगल राखेच्या अंगाला राहायची. तिच्या लहानग्या लेकीला, चिऊला, सारखा दम लागायचा. घर बदला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग तिनेच कुणाकडून ऐकून एक घर हुडकलं. राखेपासून लांब, किराणा दुकानाच्या वर, एका लिंगायत काकूंचं. भाडं कमी, कारण काकूंना पैशापेक्षा माणसं हवी होती—शाकाहारी आणि ओळखीतली. काकू माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या गावच्या. मंगल म्हणाली, "सुनंदा, तेवढा शब्द टाक की. लेकराची तरी सुटका व्हईल."

मी एकटीच गेले. शब्द टाकायलाच गेले होते—हे खरं वाटेल तुम्हाला? पण त्याच आठवड्यात आमच्या घरमालकाने, मुलाचं लग्न ठरलंय, घर खाली करा, असं सांगितलं होतं. काकूंनी वरच्या खोल्या दाखवल्या. मी खिडकीत बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ. आणि मला हाव सुटली—दुसरा शब्द नाही त्याला.

खाली आल्यावर काकूंनी विचारलं, "मानसं कशी हायत? खानारी तर न्हाईत ना?"

मंगलचा नवरा माळकरी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि आमच्याकडे? दर रविवारी मटण. मी म्हणाले, "खातात, काकू." आणि वर हेही—आम्हालाही घर हवंय, आम्ही नाही खात.

मंगलला काय सांगितलं असेल मी? काकूंना लहान लेकरं नकोत, असं; आणि आमचंही घर सुटतंय, तर ते आम्हीच घेतो, असंही. "लेकरू हाय म्हनून घर न्हाई? आसं कावून?" म्हणत ती माझ्याच गळ्यात पडून रडली. काकूंना काळीज नाही म्हणाली. मी तिची पाठ थोपटत राहिले. आम्ही तिथं राहायला गेलो तेव्हा भांड्यांची पोती वर चढवायलाही तीच आली होती. रविवारचं मटण आता आम्ही नणंदेकडे जाऊन खातो.

या उन्हाळ्यात तिने विचारलं, तुमच्या गच्चीवर कुरडया घालू का, आमच्याकडे राखेने काळ्या पडतात. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? सोबत चिऊ आली. थोड्या वेळाने काकूही वर आल्या. त्यांनी चिऊला मांडीवर घेतलं, तिच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि सहज बोलून गेल्या, "मला लेकरं लई आवडतात बाई. सुनंदाच्या आधी तिच्या वळखीचं एक लेकुरवाळं बिऱ्हाड येनार व्हतं. पन ते खानारं निघालं."

मंगलचा सोऱ्या तसाच हातात राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं—आणि मी? मी खाली पाहिलं. ती एक वाक्य बोलली असती तरी माझं घर गेलं असतं. तिने फक्त हात धुतले, चिऊला उठवलं आणि जिना उतरून गेली.

चिऊला अजून दम लागतो. राहतात तिथंच, राखेच्या अंगाला.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी तिच्या कुरडया गोळा केल्या. पांढऱ्याशुभ्र वाळल्या होत्या, राखेचा कणही नव्हता. डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे. रोज शाळेत तिच्या शेजारून जाते, आणि तो डबा मी अजून तिला नेऊन दिलेला नाही.